नेकबँड जुना झाला, नवीन मॉडेल घ्यावं का? पैसे देण्याआधी हे तपासून बघावं

तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही मोबाइल शॉपीत गेलं की काउंटरवर पहिलं वाक्य कानावर पडतं, ‘दादा, हा जुना झाला, याचं नवीन व्हर्जन आलंय.’ कंपन्या दर वर्षा-दोन वर्षांनी त्याच नावापुढे २, ३, प्रो, प्लस असं काहीतरी लावून नवीन नेकबँड आणि इअरबड्स बाजारात आणतात. खोक्यावर ब्लूटूथचा आकडा वाढलेला असतो, बॅटरीच्या तासांचा आकडा वाढलेला असतो आणि सेल लागला की मूळ किंमत खोडून तिच्या निम्म्यावर आणलेली असते. पण हातातला नेकबँड चालू असताना नवीन घेतला तर रोजच्या वापरात नेमका काय फरक पडणार, हे ना खोक्यावर लिहिलेलं असतं, ना दुकानदार सांगतो.

बहुतेक वेळा फरक फार थोडा पडतो. ज्याच्या जुन्याची बॅटरी खरोखर संपली, आत पाणी गेलं किंवा ज्याचं काम बदललं, त्याने नवीन जरूर घ्यावा. पण नुसता ५.० चा ५.४ झाला म्हणून पैसे घालण्यात अर्थ नाही. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने १,७०० रुपयांचा नेकबँड म्हणजे साडेपाच दिवसांची मजुरी. एवढी रक्कम देण्याआधी अर्धा तास जुन्यावर घालवायला हरकत नाही.

आधी जुन्याचं दुखणं काय, ते बघावं

‘एका कानात आवाज कमी येतो’ ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बऱ्याचदा यात बिघाड काहीच नसतो. कानातला मळ आणि धूळ आवाजाच्या बारीक जाळीवर बसते आणि आवाज दबतो. रबर काढून साबणाच्या पाण्याने धुवावं, पूर्ण वाळू द्यावं आणि जाळी कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करावी. ब्रश करताना जाळीचं तोंड खाली ठेवावं, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. सुई, टाचणी, तेल, पाणी यातलं काहीही जाळीला लावू नये. टाचणीने जाळी फाटली तर मात्र तो खरंच बाद होतो.

साफ करूनही फरक पडला नाही तर मोबाइल बघावा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो. तिथे डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते. घरातल्या पोराच्या हातून ती एका बाजूला सरकली की एक कान बंद पडल्यासारखा वाटतो. पट्टी मधोमध आणली की काम झालं.

कनेक्ट होत नाही, मध्येच तुटतो, गाणी वाजतात पण फोनवर बोलताना आवाज मोबाइलमधूनच येतो, अशा तक्रारींवर पहिला उपाय म्हणजे जोडणी नव्याने करणं. मोबाइलच्या ब्लूटूथच्या यादीतून नेकबँडचं नाव काढून टाकावं, मोबाइल एकदा बंद करून चालू करावा आणि पुन्हा पेअर करावं. यादीत नावापुढच्या चाकावर दाबलं की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया’ अशी दोन बटणं दिसतात. त्यातलं कॉलचं बटण बंद राहिलं असेल तर नेकबँडला दोष देऊन उपयोग नाही.

चार्जच होत नसेल तर पिन बदलून बघावी. यात एक गंमत आहे. काही स्वस्त नेकबँड आणि बड्सच्या डब्या दोन्ही बाजूंना सी-पिन असलेल्या नव्या केबलवर चार्जच होत नाहीत. एका बाजूला जुनी मोठी यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला सी-पिन अशी केबल लावली की लगेच लाइट लागतो. घरात नवीन मोबाइल आला, त्याच्या केबलवर नेकबँड लावला आणि ‘मेला’ म्हणून फेकून दिला, असं यामुळे होतं. चार्जिंगच्या भोकात माती किंवा कापडाचे धागे अडकलेत का, तेही उजेडात धरून बघावं. निघत नसतील तर रिपेअरिंगवाल्याकडून काढून घ्यावेत.

बॅटरी हेच खरं कारण

हेडफोनमध्ये वयानुसार खरोखर झिजणारी वस्तू एकच, ती म्हणजे बॅटरी. लिथियमची ही बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरली-उतरली की तिची ताकद कमी व्हायला लागते. नेकबँडमध्ये दीडशे ते तीनशे एमएएचची बॅटरी बसते. बड्समध्ये जागाच नसते, त्यामुळे एकेका बडमध्ये तीस ते साठ एमएएच एवढीच असते. लहान बॅटरी रोज भरावी लागते, म्हणून बड्स लवकर म्हातारे होतात आणि नेकबँड जास्त टिकतो.

बॅटरी किती उरली हे कळायला मशीन लागत नाही. रात्री पूर्ण चार्ज करावा, सकाळी अर्ध्या आवाजावर गाणी लावून द्यावीत आणि किती वाजता बंद पडतो ते लिहून ठेवावं. नवा असताना जेवढा चालायचा त्याच्या निम्म्याहून जास्त चालत असेल तर बॅटरी अजून कामाची आहे. वीस तासांचा नेकबँड अकरा-बारा तासांवर आला तरी शेतातला एक दिवस निघतो, मग घाई कशाला? तोच दोन-तीन तासांवर आला असेल तर बॅटरी गेली असं धरावं.

बॅटरी गेली तरी नेकबँड लगेच टाकायची गरज नसते. गळ्यातल्या जाड भागात ती बसवलेली असते. चांगला रिपेअरिंगवाला तो भाग उघडून त्याच मापाची बॅटरी डाग मारून बसवून देतो. खर्च किती ते आधी विचारावं. नव्याच्या किमतीच्या पाव हिश्शात काम होत असेल तर करून घ्यावं, अर्धे पैसे मागत असेल तर राहू द्यावं. एकदा उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर उघडायला देऊच नये.

बड्सचं तसं नाही. ते चिकटवून बंद केलेले असतात, आतली बॅटरी शेंगदाण्यापेक्षा लहान. गावात काय, जिल्ह्याच्या ठिकाणीही ती बदलून देणारा सहज सापडत नाही. त्यामुळे स्वस्त बड्स घेताना ते दोन-अडीच वर्षांत संपणार, असाच हिशेब करावा.

गळ्यातला भाग किंवा बड्सची डबी फुगलेली दिसली तर मात्र ती पुन्हा चार्जला लावू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

ब्लूटूथ ५.० आणि ५.४ मध्ये कानाला काय कळतं?

खरं सांगायचं तर काही नाही. ब्लूटूथ ५.० हे २०१६ च्या शेवटी आलं, ५.४ हे २०२३ मध्ये आणि ६.० हे २०२४ मध्ये. आकडा वाढला म्हणजे आवाज सुधारला, असा त्याचा अर्थ नाही. ५.० आलं तेव्हा ‘दुप्पट वेग, चौपट अंतर’ अशी जाहिरात झाली. ती खोटी नव्हती, पण ती ब्लूटूथच्या कमी वीज खाणाऱ्या वेगळ्या पद्धतीबद्दल होती. घड्याळं, सेन्सर अशा वस्तू ती पद्धत वापरतात. बहुतेक नेकबँडवर गाणी अजूनही ब्लूटूथच्या जुन्याच पद्धतीने येतात. म्हणून ५.४ चा नेकबँड घेतला आणि मोबाइल घरात ठेवून गोठ्यात गेलं, तर मधल्या भिंतीला आवाज तसाच तुटतो.

दुसरं म्हणजे जोडी जुन्याच्या हिशेबाने चालते. मोबाइल ४.२ चा असेल आणि नेकबँड ५.४ चा, तरी दोघं जोडले जातात, पण मोबाइलला जमतं तेवढंच होतं. उलट बाजूने, ५.० चा नेकबँड नव्या मोबाइलवर बिनधास्त चालतो. ‘नवीन मोबाइलला जुना नेकबँड चालत नाही’ असं कोणी सांगितलं तर त्याच्यासमोरच जोडून दाखवावा.

एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यात कमी बॅटरीत चांगला आवाज येतो, पण ती मोबाइल आणि हेडफोन दोन्हीत असावी लागते. खोक्यावर ५.३ किंवा ५.४ लिहिलं म्हणजे ती आत आहेच असं नाही. स्वस्त मालात ती सहसा नसतेच. दुकानदाराने तिचं नाव घेतलं तर खोक्यावर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगावं.

आवाजाचा दर्जा ठरतो तो बऱ्याच अंशी रबर कानात किती नीट बसतं यावर आणि नंतर आतल्या स्पीकरवर. एसबीसी, एएसी, एलडीएसी ही नावं खोक्यावर असतात. मोबाइलमधून आवाज दाबून, बारीक करून पाठवायच्या त्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. एसबीसी सगळीकडे असते. एलडीएसी चांगली, पण यूट्यूबवर भजनं आणि कीर्तनं ऐकणाऱ्याला तिचा उपयोग जवळपास शून्य. यूट्यूबवरचं गाणं मोबाइलपर्यंत येतानाच दाबलेलं असतं. त्यापेक्षा खोक्यात आलेल्या तीन मापांच्या रबरांपैकी योग्य माप लावून बघावं. बरेच जण मधलंच माप वर्षभर वापरतात आणि ‘बेस नाही’ म्हणून नवीन घ्यायला निघतात.

एकाच नेकबँडच्या तीन पिढ्या

वनप्लसचा बुलेट्स वायरलेस झेड हा नेकबँड गावागावांत दिसतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. पहिला झेड २०२० मध्ये आला. ब्लूटूथ ५.०, कंपनीच्या सांगण्यानुसार वीस तासांची बॅटरी आणि दहा मिनिटांच्या चार्जिंगवर दहा तास. २०२२ मध्ये झेड २ आला. बॅटरी तीस तासांवर गेली, दहा मिनिटांत वीस तास झाले, आतला स्पीकर ९.२ मिलिमीटरचा १२.४ मिलिमीटर झाला, पण ब्लूटूथ ५.० च राहिलं. दोन्हींची सुरुवातीची किंमत १,९९९ रुपये. मग २०२५ मध्ये झेड ३ आला, सुरुवातीची किंमत १,६९९. ब्लूटूथ ५.४, छत्तीस तासांची बॅटरी, दहा मिनिटांत सत्तावीस तास, स्पीकर मात्र तोच १२.४ मिलिमीटरचा. पाण्या-धुळीचा दर्जा तिन्हींचा आयपी५५.

आता ज्याच्या गळ्यात २०२२ चा झेड २ आहे आणि तो नीट चालतोय, त्याला झेड ३ घेऊन काय मिळणार? तीसचे छत्तीस तास आणि खोक्यावरचा मोठा आकडा. रोज तीन-चार तास ऐकणाऱ्याला चार्जिंग आठवड्यातून एकदा करावं लागायचं, आता नऊ-दहा दिवसांनी करावं लागेल. यासाठी सतराशे रुपये देणं पटत नाही. पण ज्याच्याकडे २०२० चा पहिला झेड आहे आणि पाच-सहा वर्षांत त्याची बॅटरी तीन तासांवर आली आहे, त्याच्यासाठी तोच झेड ३ चांगला सौदा ठरतो. पैसे तेवढेच, माल तोच. फरक एवढाच की दोघांच्या गळ्यात आधीपासून काय आहे. दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या मॉडेलला असंच समोरासमोर ठेवून बघता येतं. सगळ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर जुन्या-नव्या मॉडेलची माहिती मिळते.

तासांचे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. ते साधारण अर्ध्या आवाजावर मोजलेले असतात. फुल्ल आवाज, सतत फोन आणि बाहेरचा आवाज कमी करणारं बटण चालू असेल तर तेवढे तास मिळत नाहीत. बड्सच्या खोक्यावर ‘६० तास’ लिहिलेलं असतं, त्यात डबीचं चार्जिंग धरलेलं असतं. नुसते बड्स एका वेळी सहा-आठ तास चालले तरी पुष्कळ झालं.

एएनसी आणि ईएनसी, नावात घोळ

हे दोन शब्द दुकानातही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एएनसी ऐकणाऱ्यासाठी असतं. बाहेरचा सततचा घुमणारा आवाज, म्हणजे एसटीचं इंजिन, ट्रॅक्टर, गिरणी, पंप, तो कानात कमी येतो. माणसांचं बोलणं, हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं असे अचानक येणारे आवाज त्याने पूर्ण जात नाहीत. ईएनसी पलीकडच्या माणसासाठी असतं. आपण फोनवर बोलत असताना आजूबाजूचा गोंगाट त्याला कमी ऐकू जावा, हे त्याचं काम. स्वस्त नेकबँडवर बहुतेक वेळा ईएनसीच लिहिलेलं असतं, आणि घेणारा ते एएनसी समजून घेऊन येतो.

ज्याचं काम फोनवर चालतं, म्हणजे दूध संकलनवाला, गाडी चालवणारा, आडत्याशी दिवसातून दहा वेळा बोलणारा भाजीवाला, त्याच्यासाठी माइक चांगला असणं हे नवीन घेण्याचं सगळ्यात खरं कारण आहे. पण ‘चार माइक’ वाचून भुलू नये. माळावरचा वारा थेट माइकवर आदळला की भल्याभल्यांचा आवाज फाटतो, आणि नेकबँडचा माइक शर्टाच्या कॉलरला घासला की पलीकडे खरखर जाते. दुकानात असतानाच दाराबाहेर रस्त्यावर उभं राहून घरी एक फोन लावावा आणि ‘माझा आवाज कसा येतोय?’ एवढं विचारावं. या एका फोनने जेवढं कळतं तेवढं खोक्यावरून कळत नाही.

मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांची तक्रार वेगळी असते. गोळी आधी सुटते, आवाज मागून येतो. यूट्यूबसारखी ॲप चित्र आणि आवाज जुळवून घेतात, गेममध्ये ते जमत नाही. नेकबँडवर ‘गेमिंग मोड’ असेल तर फरक कमी होतो. पण यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वायरचा इअरफोन.

वायरचा इअरफोन अजून मेलेला नाही

त्याला चार्जिंग नाही, ब्लूटूथ नाही, आवाज मागे पडणं नाही. मोबाइलला गोल भोक असेल तर दोन-तीनशे रुपयांत बरा इअरफोन मिळतो. गोल भोक नसेल तर सी-पिनचा घ्यावा, पण दुकानातच लावून बघावा, कारण सगळे सी-पिनचे इअरफोन सगळ्या मोबाइलवर चालत नाहीत. पोरांचे ऑनलाइन तास, घरी बसून अभ्यासाचे व्हिडिओ, यासाठी वायरचाच बरा. आणखी एक गोष्ट आकाशवाणी ऐकणाऱ्यांसाठी. मोबाइलमधला एफएम रेडिओ इअरफोनच्या वायरचा अँटेना म्हणून उपयोग करतो. ब्लूटूथ नेकबँडवर ती सोय नाही. नेट नसलेल्या शिवारात बातम्या ऐकायच्या तर जुना वायरचा इअरफोन जपून ठेवावा.

घाम, पाऊस आणि मळणीची धूळ

आयपी५५, आयपीएक्स४ असे शिक्के असतात, त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेलीच नाही असा त्याचा अर्थ. पाण्याचा ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात, ५ म्हणजे हलक्या फवाऱ्याचं पाणी चालतं, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. शहरात पाण्याचा आकडा बघतात. शेतात मळणी यंत्राजवळ, कापूस वेचताना, मातीच्या रस्त्यावर धुळीचा आकडा जास्त महत्त्वाचा. एकाच किमतीत आयपीएक्स५ आणि आयपी५५ असे दोन दिसले तर दुसरा उचलावा.

हा शिक्का नव्या, न उघडलेल्या वस्तूसाठी असतो. बड्सच्या डबीला तो बहुतेक वेळा लागू नसतो आणि ओला नेकबँड चार्जला लावला तर कुठलाच आकडा वाचवत नाही. पाण्याने बिघडलेला माल बऱ्याच कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत, शिक्का असला तरी. वॉरंटी कार्डावरची ती ओळ आधी वाचावी.

रात्रीचं पाणी धरताना कान मोकळे हवेत

शेतीची लाइट रात्रीच्या पाळीत आली की पाणी धरायला अंधारात जावं लागतं. सोबतीला कोणी नसतं, मग कानात गाणी. हीच सगळ्यात धोक्याची वेळ. पाचटात सरपटणारा साप, बिबट्याचा वावर असलेल्या भागात कुत्र्याचं अचानक भुंकणं, मोटारीचा बदललेला आवाज, हे सगळं आधी कानालाच कळतं. नवीन मॉडेल जितकं चांगलं, रबर जितकं घट्ट, तितकं बाहेरचं कमी ऐकू येतं. एएनसी तर मुद्दाम त्यासाठीच बनवलेलं. अशा कामाला नेकबँड लागतच असेल तर एकच कान वापरावा आणि एएनसी बंद ठेवावं. नाहीतर मोबाइलच स्पीकरवर लावून खिशात ठेवावा, तो बरा.

रस्त्यावरही तेच. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली आणि १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा प्राथमिक माहितीत सांगण्यात आलं होतं. दुचाकीवर दोन्ही कानांत बड्स घालून ऊस वाहतुकीच्या रस्त्याने जाणारी पोरं रोज दिसतात.

फवारणी करताना हेडफोन कानात नकोच. औषध लागलेल्या हातानेच माणूस निसटलेलं रबर पुन्हा कानात ढकलतो. कानाच्या आतली कातडी पातळ असते, तिथून औषध अंगात लवकर जातं.

आवाज किती ठेवायचा यालाही मोजमाप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, लहान मुलांसाठी ती मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलवर आठवड्यात चारच तास. मोबाइलचा आवाज फुल्ल केला की तो शंभरच्या वरही जाऊ शकतो. साधा हिशेब म्हणजे पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या, इंजिनच्या आवाजावर मात करायला गाणी फुल्ल लावणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एएनसीचं मॉडेल खरंच कामाचं आहे, कारण त्यात कमी आवाजावर भागतं. या एका गरजेसाठी जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना फुल्ल आवाजाशिवाय ऐकू येत नसेल तर मात्र नवीन हेडफोन हा उपाय नाही, आधी सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्यावेत.

घ्यायचाच ठरला तर

गेल्या वर्षीचं मॉडेल बघावं. नवीन आलं की जुन्याची किंमत उतरते आणि वर दिसलं तसं दोघांत फरक थोडाच असतो. मात्र खोक्यावरचा बनवल्याचा महिना वाचावा. दोन वर्षं खोक्यात पडून राहिलेल्या मालाची बॅटरी न वापरताही थोडी उतरलेली असते.

आठवडी बाजारात तीन-चारशे रुपयांत मिळणारे नावाजलेल्या कंपनीचे बड्स नकली असतात, यात शंका ठेवायचं कारण नाही. मोबाइलजवळ नेल्यावर स्क्रीनवर खऱ्यासारखं चित्र येतं, म्हणून लोक फसतात. भारतात विकायच्या वायरलेस हेडफोनला बीआयएसची नोंदणी लागते. खोक्यावर आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर खोकं परत ठेवावं.

ऑनलाइन मागवताना आपल्या पिनकोडवर परत न्यायची सोय आहे का, ते आधी बघावं. पुष्कळ गावांत कुरिअर माल आणून देतो, पण परत घ्यायला येत नाही. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारावं. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन फेऱ्या आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी धरली तर हजार रुपयांच्या वस्तूची वॉरंटी कागदावरच राहते. म्हणून शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेणं कधी कधी स्वस्त पडतं. बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण छापील बिलाची शाई वर्षभरात उडते.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नये. तिथे ठगांचे नंबर टाकलेले असतात. खोक्यावर छापलेलाच नंबर लावावा. कोणी ॲप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावला तर फोन ठेवावा, पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवावं. दुकानदार किंवा कंपनी वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानेही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

जुना नेकबँड घरात कोणाला द्यायचा असेल तर आधी आपल्या मोबाइलच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकावं. नाहीतर देणाऱ्याचा मोबाइल जवळ आला की तो त्यालाच जोडला जातो आणि आपला फोन दुसऱ्याच्या कानात वाजतो. अगदीच बाद झाला असेल तर उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये, आत लिथियमची बॅटरी असते. मोबाइल दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर ई-कचरा घेतात का ते विचारून तिथे द्यावा.